टर्मिनलवरचं मराठी टपाल : प्रस्तावना

‘टर्मिनलवर मराठी चालत नाही.’ हे वाक्य कॉम्प्युटरवाली मंडळी इतक्या ठामपणे बोलतात, की पुढे काही विचारायची सोयच राहत नाही. नेमकं कुठे अडतं? लिहिताना, पाठवताना, वाटेत की वाचताना? हे कुणी सांगत नाही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या एका वाक्यापायी आहे. माझं म्हणणं असं, की मराठी मेल टर्मिनलमधून नीट लिहिता येतो, एकही काना-मात्रा न हरवता जगात कुठेही पोचतो, वर्षानुवर्षं नीट साठतो, आणि थोडी युक्ती केली तर नीट सापडतोही. अडतं ते पडद्यावर अक्षर उमटवण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर. त्यावरही उपाय आहेत, पण आधी रोग कुठे आहे ते ठाऊक हवं.

ज्यांनी टर्मिनल पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं असतात, माउस बहुतेक बेकार असतो, आणि काम आज्ञा टंकून किंवा एकेका कळीवर होतं. अशा पडद्यावर चालणारे मेलचे प्रोग्रॅम चाळीसहून जास्त वर्षांपासून आहेत. त्यातला मट हा या पुस्तकाचा नायक. मायकेल एल्किन्स यांनी तो १९९५ साली लिहायला घेतला. सगळेच मेल प्रोग्रॅम वाईट असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट आहे, अशी स्वतःच्या पोराची ओळख त्यांनी करून दिली होती आणि ती आजही त्याला चिकटलेली आहे. मुक्त परवान्याचा प्रोग्रॅम असल्यामुळे त्याचा सोर्स कुणालाही उतरवून घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. सध्या केव्हिन मॅकार्थी तो सांभाळतात.

मी येरमाळ्यात राहतो. कळंब तालुक्यातलं, धुळे–सोलापूर महामार्गावरचं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते येडेश्वरी देवीमुळे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला चुन्याचे खडे वेचायला लाखो माणसं येतात, आणि त्या दिवसांत मोबाइलवर रेंजचे सगळे दांडे दिसतात पण साधं एक पान उघडत नाही. एरवीही लाइट असते तेव्हा नेट नसतं आणि नेट असतं तेव्हा लाइट नसते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. माझ्याकडे एका शेतकरी उत्पादक कंपनीचा पत्रव्यवहार असतो. बियाण्यांची दरपत्रकं, बँकेची पत्रं, गोदामाच्या पावत्या, सोयाबीनच्या पीकविम्याचे अर्ज आणि त्या अर्जांवरच्या तक्रारी. समोर शेतकरी बसलेला आहे, त्याला मागच्या खरिपातलं एक उत्तर हवं आहे, आणि ब्राउझरमधलं चक्र गोल गोल फिरतंय. काही सेवांमध्ये ऑफलाइनची सोय असते. ती ब्राउझरच्या मर्जीवर आणि ठरावीक दिवसांच्या मेलपुरती. मागच्या खरिपाला तिचा उपयोग नाही.

टर्मिनलच्या वाटेने गेलं तर नेट येतं तेव्हा सगळं टपाल उतरवून घ्यायचं, नंतर निवांत वाचायचं, उत्तरं लिहून रांगेत ठेवायची, आणि पुन्हा नेट आलं की रांग सोडायची. हे काही नवं शहाणपण नाही. आपल्याकडच्या ईमेलचा जन्मच मुळी तुटक जोडणीवर झाला आहे.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग, असे आठ जण त्यात होते. पहिला डायल-अप मेल गेला तो १९८६–८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात. जुहू ते पवई हे अंतर बसने जाण्यासारखं. पण आपल्या देशातल्या ईमेलची सुरुवात मुंबईच्या दोन उपनगरांमधली आहे, हे मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांना पुढे २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, आणि एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली.

त्या वेळची पद्धत यूयूसीपीची होती. पत्रं एका मशीनवर रांगेत साठायची. ठरलेल्या वेळी एक मोडेम दुसऱ्या मोडेमला फोन लावायचा, रांगेतलं टपाल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जायचं, फोन बंद. पत्त्यांमध्ये उद्गारचिन्हं असायची, कारण पत्र कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनवर जाणार हा मार्गच पाठवणाऱ्याने लिहून द्यायचा असे. जोडणी कायम असेल असं कुणी गृहीतच धरलं नव्हतं. नंतर भाड्याच्या तारा आल्या, त्याही सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाच्या, आणि १९८९ च्या आसपास एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या यूयूनेटशी जोडणी होऊन देशाचं टपाल बाहेर जाऊ लागलं. जोडणी स्वस्त आणि सतत झाल्यावर रांगेची ही पद्धत शहरांनी विसरून टाकली. आम्हाला ती विसरून चालणार नव्हतं, एवढाच फरक.

सर्वसामान्य मराठी माणसाच्या हाती इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या सेवेतून, आणि तेही आधी महानगरांत. त्यातलं स्वस्त खातं म्हणजे शेल अकाउंट. मोडेमची ती किरकिर संपली की अक्षरांचा पडदा यायचा, वेब बघायला लिंक्स आणि मेल वाचायला पाइन. पाइन वॉशिंग्टन विद्यापीठाचा. आजचा ॲल्पाइन त्याचाच वारस. मुंबईच्या खात्यांचे पत्ते ‘जीआयएएसबीएम’ने आणि पुण्याचे ‘जीआयएएसपीएन’ने सुरू होणाऱ्या सर्व्हरचे असत. म्हणजे मुंबई-पुण्याच्या एका पिढीने ईमेल पहिल्यांदा वापरला तो टर्मिनलवरच. आज पन्नाशीत असलेल्या एखाद्या इंजिनिअरला पाइनबद्दल विचारून बघा, कळींचे शॉर्टकट बोटांना अजून आठवत असतात.

मात्र त्या पाइनमध्ये मराठी पत्र असायचं ते रोमन अक्षरांत. ‘टर्मिनलवर मराठी चालत नाही’ हे वाक्य जन्माला आलं ते याच काळात, आणि तेव्हा ते खरंही होतं. १९८२ सालच्या ज्या नियमांवर इंटरनेटचा मेल उभा राहिला, त्यात सात बिटांच्या आस्कीपलीकडे अक्षर नव्हतं. फ्रेंच माणसाला त्याचे स्वराघात लिहिता येत नव्हते तिथे देवनागरीला कोण विचारतो! आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की हे एन्कोडिंग होतं, पुण्यात सी-डॅकचं जिस्ट होतं, श्री-लिपीसारखे फॉन्ट होते. पण फॉन्टात लिहिलेला मजकूर मेलमधून पाठवला आणि समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला, की त्याला दिसायचा नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. त्यामुळे मराठी पत्र पाठवायचं म्हणजे ते चित्र म्हणून किंवा जोडपत्र म्हणून पाठवायचं, ही सवय लागली. सरकारी कचेऱ्यांतून आजही एका ओळीचा मजकूर स्कॅन करून पीडीएफमध्ये येतो, त्यामागे शिक्क्याची हौस आहे तशी ही जुनी भीतीही आहे.

वाट मोकळी झाली ती तीन गोष्टींनी. युनिकोडने देवनागरीला स्वतःची जागा दिली, तीही इस्कीच्याच मांडणीवरून. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची आखणी केली. आणि त्याच वर्षी नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी माइम नावाचे नियम आणले, ज्यामुळे कुठल्याही लिपीचा मजकूर आणि कुठलीही फाइल आस्कीच्या वेष्टनात गुंडाळून पाठवता येऊ लागली. त्या वेष्टनाकडे जरा जवळून बघू, कारण ब्राउझर ते आपल्याला कधी दाखवत नाही आणि मट एका कळीवर दाखवतो.

समजा पत्राच्या विषयात ‘येरमाळा’ एवढा एकच शब्द आहे. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात कोड आहेत: य, मात्रा, र, म, काना, ळ, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो, म्हणजे झाले २१ बाइट. मेलच्या शीर्षकात हे बाइट तसेच पाठवायची पूर्वापार मुभा नाही, म्हणून ते बेस-६४ पद्धतीने लिहितात. या पद्धतीत तीन बाइटांची चार आस्की अक्षरं होतात. देवनागरीच्या एका कोडाचे बरोबर तीन बाइट, आणि तीन बाइटांची बरोबर चार अक्षरं. हिशेब इतका चोख बसतो, की अशा सलग शब्दात प्रत्येक मराठी अक्षराला, काना-मात्रेला स्वतःची चार अक्षरी ओळख मिळते. ‘क’ म्हणजे चारचा आकडा, मग कॅपिटल के, एस, व्ही. ‘य’ म्हणजे तेच चार, के, एस आणि स्मॉल व्ही. देवनागरीच्या पूर्ण तक्त्यातलं कुठलंही अक्षर घ्या, सुरुवात ‘चार-के-एस’ने होते किंवा ‘चार-के-डब्ल्यू’ने. ‘येरमाळा’ची अशी २८ अक्षरं होतात. मेलचा कच्चा मजकूर उघडला आणि विषयाच्या ओळीत ‘चार-के-एस’ ‘चार-के-डब्ल्यू’ अशी रांग दिसली, की न उलगडताही सांगता येतं: विषय देवनागरीत आहे आणि शाबूत आहे.

नियमाप्रमाणे अशा एका गुंडाळीची लांबी ७५ अक्षरांपेक्षा जास्त असता कामा नये. आपण यूटीएफ-८ आणि बेस-६४ वापरतो हे सांगण्यात आणि शेवटच्या खुणेत मिळून १२ अक्षरं जातात. उरलेल्यात चारच्या पटीने ६० बसतात, म्हणजे १५ मराठी कोड. त्यापेक्षा लांब विषय असला की दुसरी गुंडाळी सुरू होते. नियम असाही आहे, की गुंडाळी तोडताना अक्षर मधोमध तोडायचं नाही. काही जुने प्रोग्रॅम आणि घाईने लिहिलेल्या वेबसाइट्स हा नियम पाळत नाहीत. बाइट मोजतात आणि खटकन कापतात. लांबलचक मराठी विषयाच्या मध्येच एखादं प्रश्नचिन्हाचं चौकट-चिन्ह दिसतं ते त्यामुळे. मट हा नियम पाळतो. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये पत्र पाठवताना आधी आस्की, मग लॅटिन, मग यूटीएफ-८ अशा क्रमाने तो बघत जातो आणि मजकूर ज्यात मावेल ते पहिलं एन्कोडिंग घेतो. मराठीचं एक जरी अक्षर असलं तरी तो यूटीएफ-८ वर येऊन थांबतो. आपल्याला काही सांगावं लागत नाही.

आता पडदा. इथे मात्र गाडी खरंच अडते.

टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी. एका अक्षराला एक चौकट, चिनी-जपानी अक्षराला दोन, आणि वर-खाली चिकटणाऱ्या खुणांना शून्य. प्रोग्रॅम ओळ आखताना सी लायब्ररीच्या एका फंक्शनला विचारतो की या अक्षराला किती चौकटी, आणि त्या भरवशावर रकाने पाडतो. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. साठवताना त्यात सहा कोड आहेत: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. हलन्ताला शून्य आणि बाकीच्यांना एकेक धरून बहुतेक ठिकाणी हिशेब पाच चौकटींचा होतो. पण कागदावर आपण काय लिहितो? ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते ‘थ’च्या नंतर आणि काढायची असते ‘स्थ’च्या आधी, ‘स’ अर्धा होऊन ‘थ’ला चिकटतो, एकूण रुंदी पाच चौकटींची होत नाही. जो टर्मिनल प्रत्येक कोड आपापल्या चौकटीत वेगळा उमटवतो, तो ‘स्थिती’ची लक्तरं करतो. जो फॉन्टच्या नियमांप्रमाणे जोडाक्षर घडवतो, त्याचं अक्षर देखणं येतं पण प्रोग्रॅमचा हिशेब आणि पडद्यावरची जागा यांचा मेळ बसत नाही, आणि उजवीकडचे रकाने सरकतात. पत्रात मात्र काहीही बिघडलेलं नसतं. तेच पत्र दुसऱ्या खिडकीत उघडलं की अक्षर न् अक्षर जागेवर असतं.

उपाय तीन प्रकारचे आहेत आणि पुस्तकात तिन्ही सविस्तर आलेत. पहिला, टर्मिनलच बदला. एमएलटर्म या बहुभाषिक टर्मिनलला भारतीय लिप्या येतात. केडीईचा कॉन्सोलही जोडाक्षरं घडवतो. दुसरा, यादीची मांडणी बदला. मटच्या मूळ मांडणीत पाठवणाऱ्याचं नाव विषयाच्या आधी १५ चौकटींत कोंबलेलं असतं. नाव देवनागरीत आलं की तिथून पुढची सगळी ओळ हलते. विषय शेवटीच आहे, तो सरकला तरी कुणाचं काही बिघडत नाही, प्रश्न नावाचा. मटमध्ये ‘रिव्हर्स एलियास’ नावाचं एक सेटिंग आहे. ते चालू केलं की पत्रात आलेल्या नावाऐवजी तुमच्या पत्त्यांच्या वहीत तुम्ही त्या माणसाला दिलेलं नाव यादीत दिसतं. वहीत नावं रोमनमध्ये लिहा, रकाना जागेवर राहतो. शिवाय ‘कार्यकारी अभियंता यांचे कार्यालय’ अशा लांबलचक नावाऐवजी तुम्हाला कळेल असं नाव दिसतं ते वेगळंच.

तिसरा उपाय टर्मिनलच्या शुद्धतावाद्यांना पटणार नाही: वाचायचं आणि लिहायचं काम ईमॅक्सच्या खिडकीत करा. २०२० सालच्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स हार्फबझ ही अक्षरं घडवणारी लायब्ररी वापरतो आणि मराठी स्वच्छ उमटते. कळफलक, साध्या फाइली, आपण लिहिलेली सेटिंग्ज, सगळं तसंच राहतं. फक्त चौकटींची जाळी जाते. शपथ टर्मिनलची घेतली होती की टपालाची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः यादी मटमध्ये बघतो आणि लांब मराठी उत्तरं ईमॅक्समध्ये लिहितो.

मट तयार मिळतो, एका आज्ञेत बसतो, मग सोर्सवरून बांधायचा कशाला, असं कुणीही विचारेल. रोजच्या वापरासाठी खरंच गरज नाही. पण एकदा तरी बांधावा, कारण आत काय आहे ते त्याशिवाय दिसत नाही. सोर्स उतरवायचा, कॉन्फिगर चालवायचं, मेक, मग मेक इन्स्टॉल. जुन्या लॅपटॉपवरही फार वेळ लागत नाही. पहिल्यांदा हमखास दगा देणाऱ्या जागा दोन. एक, मटच्या मूळ कॉन्फिगरमध्ये मेल आणण्याचं आयमॅप आणि पाठवण्याचं एसएमटीपी बंद असतात, ते मुद्दाम मागावे लागतात. नाहीतर प्रोग्रॅम बांधला जातो, सुरू होतो आणि सर्व्हरशी बोलायला नकार देतो. दोन, एनकर्सेस ही पडदा आखणारी लायब्ररी रुंद अक्षरांची हवी. साधी जोडली गेली तर मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी कचरा दिसतो आणि माणूस पुन्हा त्याच वाक्यावर येतो, की टर्मिनलवर मराठी चालत नाही. बांधून झाल्यावर मटला त्याची आवृत्ती विचारा. आत काय काय आहे याची यादी तो अधिक आणि उणे चिन्हांसह देतो. मराठी दिसत नसली तर पहिली चौकशी इथे, दुसरी लोकॅलची, म्हणजे सिस्टिमच्या भाषेच्या सेटिंगची. लोकॅल मराठीच असावं असं नाही, इंग्रजी चालतं. त्यातलं एन्कोडिंग यूटीएफ-८ असलं म्हणजे झालं.

मट एकटा सगळं करत नाही, आणि मला तो आवडण्याचं मुख्य कारण हेच आहे. टपाल उतरवायला एमबीसिंक, पाठवायला एमएसएमटीपी, शोधायला नॉटमच, आणि वाचायला मट. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात आणि कोण बिघडलाय हे लगेच कळतं. मेल जात नाही पण येतोय, म्हणजे एमएसएमटीपीची नोंदवही उघडायची. तिथे सर्व्हरने काय कारण दिलं ते लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ यापलीकडे कधी उत्तर मिळालंय?

साठवणीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण लाइट जाणाऱ्या गावात ती फार कामाची आहे. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक असत. लिहिता लिहिता लाइट गेली तर सगळी फाइल धोक्यात. क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी मेलडिर ही पद्धत काढली: दर पत्राची स्वतंत्र फाइल, आणि तीन कप्पे, टेंप, न्यू आणि कर. येणारं पत्र आधी टेंपमध्ये पूर्ण लिहिलं जातं आणि मगच न्यूमध्ये सरकवलं जातं. मध्येच लाइट गेली तर अर्धवट पत्र टेंपमध्ये पडून राहतं, आधीच्या एकाही पत्राला धक्का लागत नाही, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा उतरवलं जातं. पत्र वाचलं, उत्तर दिलं, खूण केली, हे सगळं फाइलीच्या नावाच्या शेवटी एकेका अक्षरात लिहिलेलं असतं. दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढायची तर फोल्डर कॉपी करायचं, बस.

शोधाच्या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. नॉटमच हा कार्ल वर्थ यांनी २००९ साली सुरू केलेला प्रोग्रॅम सगळ्या पत्रांची सूची आधीच करून ठेवतो, त्यामुळे मोठ्या साठ्यातूनही उत्तर क्षणात येतं, आणि नेटशिवाय येतं. इंग्रजीत तो शब्दाचं मूळ रूप ओळखतो. मराठीत त्याला ते येत नाही. ‘येरमाळा’ शोधलं तर ‘येरमाळ्याला’, ‘येरमाळ्याहून’, ‘येरमाळ्यातल्या’ ही पत्रं सुटतात, आणि मराठी पत्रात गावाचं नाव प्रत्ययाशिवाय येतं तरी किती वेळा? उपाय सोपा: ‘येरमाळ’ एवढंच लिहून पुढे तारांकन. सामान्यरूप होताना शब्दाचा जो भाग बदलत नाही तिथपर्यंत लिहायचं, ही सवय बोटांना लागली की झालं.

खरी डोकेदुखी ‘ऱ्या’ची आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त आणि य, दोन, साध्या ‘र’ला हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडकोड, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कुणाचा कळफलक पहिला काढतो, कुणाचा दुसरा. परिणामी ‘शेतकऱ्यांना’ शोधलं की तालुक्याच्या कचेरीतली पत्रं येतात आणि बँकेची येत नाहीत, किंवा उलटं. शेतकरी हा शब्द आमच्या पत्रव्यवहारात सर्वांत जास्त येणारा, आणि नेमका तोच दोन घरांत विभागलेला. ‘शेतक’वर तारांकन दिलं की दोन्ही सापडतात. ‘दुसऱ्या’, ‘सातबाऱ्यावर’, ‘कर्मचाऱ्यांचे’ यांनाही हीच युक्ती. यावर पक्का इलाज म्हणून सूची करण्याआधी दोन्ही तऱ्हा एक करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. ती पुस्तकात आहे.

पासवर्डचं प्रकरण मात्र कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. गूगलने मे २०२२ अखेर वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना दार उघडणं बंद केलं. आता दुहेरी पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो किंवा ओऑथ-२ चा फेरा करावा लागतो. हा पासवर्ड मटआरसी या मटच्या सेटिंगच्या फाइलीत उघडा लिहून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ठेवू नका. सेवा केंद्रातल्या संगणकावर तर मुळीच नको, तिथे दिवसाला किती हात लागतात ते आपल्याला माहीत आहे.

टर्मिनलला न झेपणारी कामंही आहेत. नुसत्या चित्रांनी बनवलेल्या जाहिराती, बँकेची रंगीत एचटीएमएल पत्रं, कॅलेंडरची आमंत्रणं यांच्यासाठी मट बांधलेला नाही. एचटीएमएल पत्र लिंक्स किंवा डब्ल्यूथ्रीएमकडून साध्या मजकुरात उतरवून वाचता येतं, आणि खरं सांगायचं तर जाहिरातीतला मजकूर उघडा पडला की त्यात वाचण्यासारखं काय होतं तेही समजतं. पिकाच्या नुकसानीचे फोटो पाठवायचे तर आधी लहान करून घ्यावेत. बेस-६४ मुळे तीन एमबीचा फोटो वाटेत चार एमबीचा होतो, आणि मंद जोडणीवर तो एक एमबी चांगलाच जाणवतो. ज्याला दिवसाला चार मेल येतात आणि तेही ओटीपीचे, त्याने या भानगडीत पडू नये. फोनवरचं ॲप त्याला पुरे आहे.

मटऐवजी दुसरं काही निवडायचं असेल तर वाव आहे. नवशिक्याला ॲल्पाइन सोपा जातो, कारण खालच्या दोन ओळींत कुठली कळ काय करते ते कायम लिहिलेलं असतं. निओमट हा मटचाच २०१६ पासून वेगळा वाढलेला भाऊ. मूळ मटमध्ये ज्यासाठी झगडावं लागतं त्यातलं बरंच त्यात आयतं आहे. एर्क २०१९ चा, तरुण आहे, पॅचेस मेलने पाठवणाऱ्या प्रोग्रॅमरना आवडतो. मी मट धरला, कारण त्याची माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचता येते आणि वाचल्यावर कळते.

एक काम मात्र अजून कुणी केलेलं नाही. मटचे संदेश जगातल्या दोन-तीन डझन भाषांत आहेत. त्यात बास्क आहे, एस्पेरांतो आहे, आयरिश आहे. मराठी नाही, कुठलीच भारतीय भाषा नाही. भाषांतराची फाइल म्हणजे वर इंग्रजी वाक्य आणि त्याखाली आपलं, इतकी साधी असते. त्यासाठी सी भाषा यावी लागत नाही, मराठी यावी लागते. पुण्यातल्या मंडळींनी ग्नोमसारखे मोठे प्रकल्प मराठीत आणताना हेच काम वर्षानुवर्षं केलं, रेड हॅटच्या लोहित फॉन्टमध्ये मराठीला जागा मिळाली तीही तशाच चिकाटीतून. परिशिष्टात मी पहिल्या काही वाक्यांची भाषांतरं दिली आहेत. ती अंतिम नाहीत, वाद घालायला हरकत नाही.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी साठवणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, बांधणीचं प्रकरण सवडीने. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीची, टीप बघावी. आणि ज्यांच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे, म्हणजे आमच्याकडची बहुतेक तरुण पोरं, त्यांनी टर्मक्स या फोनवरच्या टर्मिनलचं शेवटचं प्रकरण सर्वांत आधी उघडावं: मट तिथेही चालतो. ब्लूटूथचा कळफलक असला तर उत्तम, नसला तर कंट्रोलची कळ कुठे सापडते ते त्याच प्रकरणाच्या पहिल्या पानावर दिलं आहे.